संपातली खाणावळ: गिरणगावातल्या एका स्वयंपाकघराचा हिशोब

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. या संपावर पुष्कळ लिहिलं गेलं. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्यावर लिहिलं गेलं, मालकांवर आणि सरकारवर लिहिलं गेलं, पुढे गिरण्यांच्या जमिनींवर तर सर्वांत जास्त. त्या आठवड्यात लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, शिवडीच्या चाळींमध्ये आणखी एक प्रश्न उभा राहिला होता, त्यावर मात्र फारच थोडं. खाणावळीत दोन वेळा जेवायला येणारे वीस मेंबर, म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवणारे कामगार. पैसे पगार झाला की देणार. आता पगारच होणार नाही. उद्या भाकऱ्या थापायच्या की नाही?

हे प्रकरण त्या एका प्रश्नाचं आहे. इथे कुणा बाईचं नाव नाही. गिरणगावातल्या खाणावळी ज्या रीतीने चालत ती रीत घेऊन एक नमुना खोली मांडली आहे. हिशोबातले रुपये समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. भोवतालच्या घटना आणि वर्षं मात्र जशी होती तशीच आहेत.

खोली आणि तिचे मेंबर

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत भायखळ्यापासून वरळी-नायगावपर्यंतचा सगळा पट्टा गिरण्यांचा झाला. कामगार आले ते रत्नागिरीहून, सातारा, सांगली, कोल्हापूरहून, पुण्याच्या मावळ भागातून. बहुतेक एकटे आले. बायको-मुलं, म्हातारे आईबाप, जमिनीचा तुकडा सगळं गावाला. मुंबईत राहायला गावकीची खोली. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस जण, भिंतीला टांगलेल्या वळकट्या आणि खाली पत्र्याच्या ट्रंका. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. खाजगी चाळीतली बऱ्याचदा त्याहून लहान.

अशा खोलीत चूल मांडायची कुणी आणि कधी? म्हणून त्याच चाळीत किंवा शेजारच्या चाळीत, जिथे एखादं कुटुंब राहत होतं तिथे, घरची बाई यांचं जेवण करू लागली. तीच खाणावळ. पाटी नाही, टेबल-खुर्ची नाही, परवाना नाही. मेंबर तिला मावशी म्हणायचे, वहिनी म्हणायचे, काकू म्हणायचे. ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. ज्या माणसाची आई दोनशे मैलांवर आहे, त्याला ताप आला की पेज करून देणारी हीच बाई असायची.

खाणावळ चालवणाऱ्या बायकांत गिरणीतून बाहेर पडलेल्याही अनेकजणी होत्या, याचा फारसा उल्लेख होत नाही. एकेकाळी वाइंडिंग आणि रिलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई प्रांतात १९२९ मध्ये आला, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी आली, नवी यंत्रं आली, आणि दर टप्प्यावर मालकांनी बायकांच्या जागा भरणं कमी केलं. ज्या घरात नवरा दारूत गेला, क्षयाने गेला किंवा बदली कामगार (कायम नसलेला, दुसऱ्याच्या गैरहजेरीत कामावर घेतला जाणारा) म्हणूनच राहिला, तिथे बाईच्या हाताशी एकच कसब उरलं होतं. ते तिने बाजारात आणलं. माझ्या मते खाणावळीची गोष्ट सुरू करावी ती इथून. 'घरगुती जेवणाची माया' हे शब्द मला अपुरे वाटतात. तो धंदा होता, आणि फार अवघड धंदा होता.

दिवस

पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी डबा तयार हवा, म्हणजे उठायचं पहाटे चारला. नळाला पाणी असेल तेव्हाच भरून घ्यायचं. कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह. घाटावरच्या मेंबरांना ज्वारी-बाजरीची भाकरी, आमटी, झुणका, सोबत खर्डा. कोकणातल्यांना तांदळाची भाकरी, भात आणि त्यावर घालायला कालवण. ताजी मासळी परवडली तर बांगडा, नाहीतर सुकट, सुके बोंबील. संकष्टी, एकादशी, श्रावण पाळणाऱ्यांचं वेगळं लक्षात ठेवायचं. रविवारी मटण किंवा मासे ठरलेले, आणि त्या दिवशी वाढताना हात आखडला तर बोलणं ठरलेलं. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या आणून, भाजून, डंकावर कुटून घ्यायचा. मेंबर कोणत्या तालुक्यातले आहेत त्यावर मसाल्याचं प्रमाण ठरे. मालवणच्या माणसाला साताऱ्याचं कालवण तिखट लागतं पण 'लागत' नाही, हे खाणावळवालीला पक्कं माहीत.

डबे गिरणीच्या दारापर्यंत पोचवायचे. मग पाळी सुटली की पंगत. खोलीत एका वेळी सहा-सात पानं बसतात, त्यामुळे वीस जणांच्या तीन पंगती. घरातली मुलं तोवर गॅलरीत अभ्यास करतात. दुसऱ्या पाळीचे मध्यरात्री येणार, त्यांचं झाकून ठेवायचं. ते जेवल्यावर भांडी. मदतीला गावाकडून आणलेली एखादी विधवा बहीण किंवा भाची, जिचा मोबदला म्हणजे जेवण, वर्षाला दोन लुगडी आणि थोडे पैसे.

या पंगतीला सरसकट 'सगळे एका ताटाला' असं म्हणणं खरं होणार नाही. कोणत्या खाणावळीत कोण बसणार हे गावावरून ठरे आणि जातीवरूनही. गिरणीत दलित कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला, म्हणजे मागावरच्या आडव्या धाग्याच्या नळीतला, धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना तो बाटलेला वाटे. खाण्याच्या जागी तर भिंती जास्तच उंच होत्या. दलित कामगारांच्या खाणावळी त्यांच्याच बायकांनी चालवल्या, आणि त्यांना वाण्याकडे उधारी मिळणंही अधिक कठीण होतं.

धंद्याचा खरा माल

आता हिशोब. वीस मेंबर, माणशी महिना शंभर रुपये धरू. महिन्याची जमा दोन हजार. त्यातले चौदाशे धान्य, डाळ, तेल, मासळीत. साडेतीनशे जळण, खोलीचं भाडं, मदतनीस, भांड्यांना कल्हई. उरले अडीचशे. ही त्या बाईची महिन्याची कमाई, पहाटे चार ते रात्री बारा.

यातली अडचण नफ्याच्या आकड्यापेक्षा तारखांत आहे. धान्य पहिल्या दिवसापासून लागतं. मेंबर पैसे देतो महिना उलटल्यावर, पगार झाल्यावर. मधले तीस दिवस चौदाशे रुपये कुणाचे? वाण्याचे किंवा सावकाराचे. वाणी उधारीवर देतो तेव्हा भाव त्याचा, माल तो देईल तो आणि दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही. सावकार महिन्याला शेकडा पाच घेतो असं धरलं तर चौदाशेवर महिना सत्तर रुपये व्याज, म्हणजे अडीचशेतले सत्तर आधीच गेले. वर्षाचे आठशे चाळीस. आणि मंगळसूत्र गहाण आहे ते आहेच.

त्यात मेंबर बुडवतात. कुणी गावाला जातो तो परत येत नाही, कुणी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी वसुलीला उभ्या असलेल्या पठाण सावकाराच्या हाती सगळं देऊन बसतो, कुणी दारूत घालवतो. वीसपैकी तिघांनी बुडवलं की तीनशे गेले आणि महिना तोट्यात. म्हणून मेंबर निवडणं हेच तिचं सर्वांत मोठं कौशल्य. नवा माणूस येतो तो जुन्या मेंबराच्या ओळखीने, त्याच्याच गावचा. बुडवलं तर गावात नाव निघणार. कागद नाही, सही नाही, पण जामीन आहे.

मला या सगळ्या प्रकरणात हेच मध्यवर्ती वाटतं. खाणावळवाली भाकरी विकत होती हे वरवरचं झालं. ती कामगाराला महिनाभराची मुदत विकत होती. गिरणीमालक काम आधी करून घेई आणि पगार नंतर देई, म्हणजे कामगाराने मालकाला महिनाभराचं कर्जच दिलेलं असे. ते कर्ज शेवटी ओढत होती खोलीतली बाई, सावकाराच्या व्याजावर. मुंबईच्या कापड धंद्याच्या भांडवलात तिचं मंगळसूत्र होतं. कोणत्याही ताळेबंदात ते दिसत नाही.

बँकेची पायरी

१९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. त्या वेळी खाणावळवाल्यांनी पैसे न घेता मेंबरांना जेवू घातलं, आणि संप संपला तेव्हा त्या कर्जात बुडाल्या होत्या. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हा प्रश्न हाती घेतला. कामगाराच्या पोटाचा विचार युनियन करते, मग ते पोट भरणारीचं काय? १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

त्यांचा पवित्रा मला आजही अचूक वाटतो. त्यांनी बायकांसाठी देणग्या मागितल्या नाहीत, त्यांना बँकेत नेलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं. १९७२ मध्ये दुर्बल घटकांसाठी वर्षाला चार टक्के दराने कर्ज देण्याची योजना आली होती. कागदावर हे कर्ज अशाच लोकांसाठी होतं. प्रत्यक्षात खाणावळवालीकडे ना तारण, ना दुकान, ना अक्षरओळख. मग बायकांचे छोटे गट केले. गटाने एकमेकींची हमी घ्यायची. ज्या बाईने आयुष्यभर मेंबराला त्याच्या गावच्या ओळखीवर उधार दिलं, तिला ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही. ती तिचीच पद्धत होती, बँकेने ती पहिल्यांदा मान्य केली एवढंच.

वरच्याच हिशोबात हे घालून पाहा. चौदाशे रुपयांवर वर्षाला चार टक्के म्हणजे छप्पन रुपये. सावकाराकडे आठशे चाळीस जात होते. शिवाय हातात रोख असली की घाऊक बाजारात जाता येतं, भाव करता येतो, बरा तांदूळ घेता येतो. स्वयंपाक तोच, कष्ट तेवढेच, मेंबर तेच, पण कमाईतली गळती थांबली.

यात एक मर्यादा होती, ती त्या वेळी लक्षात येण्यासारखी नव्हती. कर्ज स्वस्त झालं तरी फेडीचा झरा एकच राहिला. वीसच्या वीस मेंबर एकाच धंद्यातले.

जानेवारी १९८२

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संप सुरू झाला. कामगारांना पगारवाढ, बोनस हवा होताच, शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली एकमेव प्रतिनिधी संघटनेची मान्यता हटायला हवी होती. सुरुवातीला किती दिवस चालेल याचा अंदाज कुणालाच नव्हता. आधीचा बेचाळीस दिवसांचा अनुभव पाठीशी होता.

बाईसमोर तीन वाटा होत्या. खाणावळ बंद करायची. किंवा रोख देईल त्यालाच वाढायचं. किंवा नेहमीसारखं वाढत राहायचं आणि वहीत मांडत जायचं.

पहिली वाट ऐकायला शहाणपणाची वाटते, पण बंद केलं तर मागची थकबाकी कोण देणार? जोवर मेंबर पंगतीला येतो तोवर त्याच्यावर तिचा हक्क आहे. दुसरी वाट एखाद्या हॉटेलला जमेल. इथे मेंबराच्या गावची माणसं शेजारी राहतात, नवरा किंवा दीर स्वतः संपावर आहे. संपकऱ्याला उपाशी उठवलेली बाई त्या चाळीत तोंड दाखवू शकली नसती, आणि बहुतेकींना तसं करायचंही नव्हतं. संप त्यांचाही होता. मोर्च्यांत बायका होत्या. म्हणून गिरणगावात अनेक ठिकाणी घडली ती तिसरी वाट, आणि महिन्यामहिन्याने तिला पहिलीची मुरड पडत गेली.

आकडे निष्ठुर आहेत. जमा शून्य, खर्च महिना साडेसतराशे. वर्षभराची सगळी कमाई तीन हजार. म्हणजे दुसरा महिना संपायच्या आत वर्षाची कमाई उडाली. मग वाढणं बदललं. दोन भाज्यांची एक झाली, रविवारचं मटण गेलं, डाळीत पाणी वाढलं, रात्रीचं जेवण नुसत्या भातावर आलं. गावाकडून धान्य आलं. साताऱ्या-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी संपकऱ्यांना धान्य दिलं, हा त्या संपाचा मोठा आधार होता. पण धान्य दळायला, शिजवायला पैसे लागतातच.

मग मेंबर गावी जाऊ लागले. शेतीची कामं होती, मुंबईत बसून खायचं किती? मेंबर गेला की खर्च कमी होतो, पण त्याच्या नावावरची उधारी वहीत गोठते. वीसाचे आठ राहिले तर भाडं आठांवर पडतं. काही जण यंत्रमागावर भिवंडीला गेले, काही हमाली करू लागले, काहींनी रस्त्यावर वडापावची गाडी लावली. वडापावची गाडी ही तर खाणावळीशी थेट स्पर्धा होती: हाताला लागतील तेवढे पैसे, तेवढंच खाणं, वही नाही.

१९८३ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. काही कामगार कामावर परतले, हजारो कधीच परतले नाहीत. संप अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. त्यामुळे 'संप मिटल्यावर देतो' असं सांगून गेलेल्या मेंबराची तारीख कधी उगवलीच नाही.

चूक झाली का?

या बायकांनी भावनेच्या भरात धंदा बुडवला, असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. तिच्याकडे जी माहिती होती तिच्यावर तिने घेतलेला निर्णय बरोबर होता. बेचाळीस दिवसांचा संप पचवता येतो हे तिने पाहिलं होतं, आणि त्यानंतर मेंबर परत आले होते. विश्वास हेच जिचं तारण, ती पहिल्याच आठवड्यात दार लावून बसली असती तर संप मिटल्यावरही तिच्याकडे कुणी फिरकलं नसतं.

उणीव होती ती तिच्या मागे कुणी नसण्यात. कामगाराला प्रॉव्हिडंट फंड होता, ग्रॅच्युइटीचा हक्क होता, पुढे गिरणी कामगारांच्या घरांची लढाई झाली आणि काहींना घरं मिळालीही. खाणावळवाली गिरणीच्या कोणत्याच रजिस्टरात नव्हती. अन्नपूर्णाच्या सभासद बायकांना निदान संघटना होती. मंडळाने पुढे केटरिंगची कामं घेतली, वाशीला नोकरदार महिलांसाठी वसतिगृह उभारलं. त्या बायका एका धंद्यावरच्या अवलंबित्वातून बाहेर पडल्या. बाकीच्या अनेकजणी घरकामाला लागल्या, लाडू-चकल्या करून देऊ लागल्या, मुलाच्या नोकरीची वाट पाहत राहिल्या.

नंतरची ताटं

१९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली, टाळेबंदीत ती पाच रुपयांना मिळाली. भुकेल्या माणसाला ती उपयोगी पडली, यात शंका नाही. पण दोन्ही योजनांनी ताटाची किंमत उतरवली. मुदत कुणी दिली नाही, आणि रांधणाऱ्या बाईच्या भांडवलाचा विचार तर नाहीच. रात्री बाराला पाळीवरून आलेल्या माणसाचं पान झाकून ठेवणं सरकारी वेळापत्रकात बसत नाही.

आज लोअर परळला गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि मॉल आहेत. तिथे काम करणारी मुलं भाड्याच्या खोलीत चौघं-पाचजण राहतात आणि डबा लावतात. लालबाग-परळमध्ये पोळी-भाजी केंद्रं आहेत, पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या बायका आहेत. एक गोष्ट मात्र उलटी झाली आहे: डब्याचे पैसे आता बहुतेक ठिकाणी महिन्याच्या सुरुवातीलाच घेतात. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या मेसमध्येही तेच, आधी पैसे, मग कूपन. उधारीचा भार बाईच्या खांद्यावरून उतरला, हे चांगलंच झालं. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मुलं गावी गेली, तेव्हा मेसवाल्यांकडे जमा असलेले आगाऊ पैसे हेच देणं होऊन बसलं. पैशाची दिशा बदलली तरी धक्का पुन्हा त्याच स्वयंपाकघराला बसला.

घरातून डबे देणाऱ्या बाईला आज अन्न परवान्याची साधी नोंदणी करता येते, उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर. फेरीवाल्यांसाठी २०२० पासून स्वनिधी योजना आहे, दहा हजारांच्या कर्जाने सुरू झालेली. ती रस्त्यावर गाडी लावणाऱ्यासाठी आहे. आपल्याच खोलीत, दाराआड, पंचवीस डबे भरणारी बाई फेरीवाली ठरत नाही. बँकेत गेली तर तिला विचारतात, दुकान कुठे आहे? अन्नपूर्णाच्या बायकांना पन्नास वर्षांपूर्वी हेच विचारलं होतं. तेव्हा उत्तर गटाने दिलं होतं. आज लालबागमध्ये, डोंबिवलीत, पुण्याच्या पेठांत डबे करणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना शेजारच्या इमारतीत डबे कोण करतं हे माहीत असतं, एकीचा गॅस संपला तर दुसरीचं सिलिंडर जातं, एक आजारी पडली तर तिचे डबे दुसरी भरते. एकमेकींच्या नावावर सही करायला त्यांना कुणी अजून बँकेत नेलेलं नाही.